रंग कुणी भरला, रेघ कुणी ओढली

पहिल्या महायुद्धातला सिनेमाचा कॅमेरा हाताने फिरवावा लागे. बाजूला एक दांडी असायची. ती कॅमेरामन ज्या गतीने फिरवेल त्या गतीने आतली फिल्म सरकायची. हात दमला, जवळ गोळा पडला, उजेड कमी झाला, की गती बदलायची. त्यामुळे सेकंदाला कधी १० चित्रं टिपली गेली, कधी १८. तीच फिल्म पुढे सेकंदाला २४ चित्रांच्या गतीने दाखवली गेली आणि खंदकातली माणसं तुरुतुरु पळताना दिसायला लागली. कित्येक पिढ्यांनी ते महायुद्ध तसंच पाहिलं. तासाभरात मरणार असलेल्या पोराची चाल बघून प्रेक्षकाला हसू यावं, हा त्या पोरावरचा दुसरा अन्याय होता.

पीटर जॅक्सन या दिग्दर्शकाने २०१८ साली ‘दे शॅल नॉट ग्रो ओल्ड’ या माहितीपटात हा अन्याय दूर केला. इतिहासावरच्या माहितीपटांबद्दल बोलायचं तर सुरुवात इथूनच करायला हवी. पण तिथून सरळ मुलांसोबत बघायच्या अ‍ॅनिमेशनपटांकडे जायचं आहे. आपण या दोन गोष्टी वेगळ्या कप्प्यांत ठेवतो, एक ‘खरी’ आणि एक ‘काढलेली’. प्रत्यक्षात आजच्या माहितीपटात बरंच काही काढलेलं असतं आणि चांगल्या अ‍ॅनिमेशनपटात बरंच काही टिपलेलं. म्हणून दोन्हीकडे एकच गोष्ट तपासायची: समोरच्या चित्रातलं काय सापडलेलं आहे, काय कुणीतरी हाताने घातलंय, आणि घातलेलं उघड ठेवलंय की झाकलंय.

जॅक्सनचा माहितीपट ९९ मिनिटांचा आहे. कच्चा माल दोन ठिकाणचा. लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमची सुमारे १०० तासांची फिल्म, आणि म्युझियम व बीबीसीकडच्या सुमारे ६०० तासांच्या ध्वनिमुद्रित मुलाखती. त्या मुलाखती सुमारे २०० माजी सैनिकांच्या. निवेदक नाही, टेबलामागे बसलेला इतिहासकार नाही, बाण सरकणारे नकाशे नाहीत. सुरुवातीला पडद्याच्या मधोमध छोटी चौकट, काळंपांढरं चित्र आणि प्रोजेक्टरची खरखर. भरती, कवायत, जड बूट, बेचव जेवण हे सगळं त्या छोट्या चौकटीत. साधारण पंचविसाव्या मिनिटाला पलटण आघाडीवर पोहोचते, चौकट हळूहळू पडदाभर पसरते, चाल नेहमीच्या माणसासारखी होते, रंग येतो, आवाज येतो. एक शिपाई कॅमेऱ्याकडे बघून हसतो आणि त्याचे किडके दात दिसतात. शंभर वर्षांचं अंतर त्या दातांपाशी संपतं.

आता हिशोब करू. मूळ फिल्म सेकंदाला १३ चित्रांनी टिपलेली असेल आणि पडद्यावर २४ हवी असतील, तर सेकंदाला निदान ११ चित्रं संगणकाने नव्याने बनवलेली. म्हणजे रंगीत भागातलं जवळजवळ अर्धं कोणत्याही कॅमेऱ्याने टिपलेलं नाही. शेजारशेजारची दोन चित्रं घेऊन मधलं चित्र अंदाजाने काढायचं, हे काम अ‍ॅनिमेशनच्या स्टुडिओत शंभर वर्षं चालू आहे. तिथे त्याला ‘इन-बिटविन’ म्हणतात आणि ते करणाऱ्यांचा वेगळा गट असतो. इथे तो गट संगणकात आहे, इतकाच फरक. त्याची खूण बघायची असेल तर जलद हालचालीच्या जागी थांबवून बघा. हलणाऱ्या हाताच्या कडा, बंदुकीचा दस्ता, सिगारेटचा धूर, पटकन वळलेली मान. तिथे कातडी मेणासारखी गुळगुळीत होते आणि बोटं एकमेकांत मिसळतात. उभ्या माणसाचा चेहरा मात्र जवळजवळ नेहमी उत्तम असतो, कारण तिथे संगणकाला फारसा अंदाज करावा लागत नाही.

आवाजाचंही तसंच. मूळ फिल्म मुकी. ओठ वाचणाऱ्या तज्ज्ञांना बसवून शिपाई काय म्हणतायत ते काढलं, पलटण ओळखली आणि ती ज्या भागातली, त्या भागातल्या नटांकडून तेच शब्द बोलवून घेतले. ही मेहनत ऐकू येते. बोलीचा हेल बदलतो, थट्टेचा सूर बदलतो. इंग्रजी चांगलं समजणाऱ्यांनीही सबटायटल्स चालू ठेवावीत, कारण हे हेल शाळेत शिकवलेल्या इंग्रजीतले नाहीत, आणि मुलाखती देणाऱ्या म्हाताऱ्यांचे आवाज एकात एक सरकवून जोडले आहेत. कोण कधी बोललं ते कळत नाही.

हीच पहिली मोठी तक्रार. बोलताना कुणाचंही नाव पडद्यावर येत नाही. गावाचं नाही, लढाईचं नाही, तारीखही नाही. जॅक्सनने एका सामान्य शिपायाचा अनुभव उभा करायचं ठरवलं, त्यासाठी तपशील पुसले. भावनेच्या अंगाने ते चालतं, इतिहासाच्या अंगाने नाही. १९१४चा दृश्यतुकडा १९१७च्या आठवणीखाली लागला तर प्रेक्षकाला पत्ता लागत नाही. शिवाय मुलाखतींपैकी बीबीसीच्या बऱ्याचशा १९६४च्या महायुद्धावरच्या मालिकेसाठी घेतलेल्या. युद्ध संपून ४५ वर्षं झाल्यावर सांगितलेली आठवण घासूनपुसून गोल झालेली असते. ती खोटी असते असं नाही, पण ती अनेकदा सांगून झालेली असते, आणि हे प्रेक्षकाला सांगायला हवं होतं.

दुसरी तक्रार चौकटीची. मूळ चित्र जवळजवळ चौकोनी. पडदाभर पसरवताना वरचा आणि खालचा भाग कापला गेला. कॅमेरामनने आकाश किंवा चिखल चौकटीत का घेतला होता हे समजायची वाट त्यामुळे बंद झाली.

तिसरी तक्रार आपल्या जवळची. सगळं पश्चिम आघाडीवरचं, सगळं ब्रिटिश पायदळाचं. त्या युद्धात हिंदुस्थानी लष्करातून १३ लाखांवर माणसं गेली, सुमारे ७४,००० परत आली नाहीत. १९१५च्या मार्चमध्ये फ्रान्समधल्या न्यव्ह शॅपेलला हिंदुस्थानी पलटणी याच पश्चिम आघाडीवर लढल्या. मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये होत्या, कूतच्या वेढ्यात अडकल्या होत्या. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाच्या नावाला ‘मिलिटरी’ जोडलं जातं ते या इतिहासामुळेच. त्या माणसांचे आवाज या माहितीपटात नाहीत. ही उणीव एकट्या जॅक्सनची नाही, पण हा माहितीपट बघून ‘पहिलं महायुद्ध असं होतं’ म्हणताना ती विसरता कामा नये.

एके ठिकाणी मात्र त्याने जे केलं त्याला दाद द्यायलाच हवी. प्रत्यक्ष चढाईचं, समोरासमोरच्या मारामारीचं चित्रण अस्तित्वातच नाही. खंदकाबाहेर त्या वेळी कॅमेरा घेऊन उभं राहणं शक्य नव्हतं. तिथे जॅक्सन नट आणून चित्रीकरण करत नाही. तो त्या काळच्या ‘द वॉर इलस्ट्रेटेड’ या नियतकालिकातली रेखाचित्रं दाखवतो आणि मधूनमधून आधी भेटलेले हसरे चेहरे. छापील रेघा स्वच्छ दिसतात. इथे कॅमेरा नव्हता हे चित्रच सांगतं. याउलट १९१६च्या ऑगस्टमध्ये लंडनमध्ये दाखवलेला फ्रान्समधल्या सोम नदीकाठच्या लढाईवरचा गाजलेला चित्रपट आठवा. त्यातला खंदकातून वर चढणाऱ्या सैनिकांचा प्रसिद्ध तुकडा आघाडीमागच्या सराव-तळावर रचलेला होता. खंदक उथळ, पाठीवर पूर्ण सामान नाही, आणि कॅमेरा अशा जागी की खऱ्या लढाईत कॅमेरामन क्षणभर टिकला नसता. काळंपांढरं, जुनं, ओरखडे पडलेलं म्हणजे खरं असं नसतं. आजही कित्येक माहितीपट तो तुकडा काहीही न सांगता वापरतात. ज्या माहितीपटात तो दिसेल, त्याच्या बाकीच्या दृश्यांकडेही सावधपणे बघावं.

निकाल: जरूर बघा, १३ वर्षांच्या पुढच्या मुलांसोबत. सडलेली प्रेतं, जखमा, उंदीर हे सगळं रंगात आहे आणि रंगामुळे ते अंगावर येतं. सोबत जॅक्सनने स्वतः काम समजावून सांगितलेला अर्ध्या तासाचा भाग मिळाला तर तो आधी नव्हे, नंतर बघा. त्या भागाशिवाय हा माहितीपट अर्धा आहे, कारण झाकलेलं तिथे उघड होतं.

जिथे कॅमेरा नव्हता तिथे रेघ वापरायची, ही युक्ती जॅक्सनच्या शंभर वर्षं आधीची. लुसिटानिया हे प्रवासी जहाज ७ मे १९१५ रोजी आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ जर्मन पाणबुडीने बुडवलं. १८ मिनिटांत जहाज तळाला, सुमारे १,२०० माणसं गेली आणि त्याचं एका सेकंदाचंही चित्रण नाही. अमेरिकन व्यंगचित्रकार विन्सर मॅके याने सुमारे २५,००० चित्रं काढून १९१८ साली तो प्रसंग पडद्यावर आणला. ‘द सिंकिंग ऑफ द लुसिटानिया’ १२ मिनिटांचा आहे, स्वामित्वहक्काच्या मुदतीबाहेर आहे, इंटरनेटवर फुकट बघता येतो. सुरुवातीलाच मॅके स्वतः दिसतो, माहिती घेताना, कामाला बसताना. म्हणजे चित्र सुरू व्हायच्या आधी तो आपला हात दाखवतो. धुराचे लोट आणि कलणारं जहाज इतकं संयमाने काढलंय की ते बातमीच्या फिल्मसारखं वाटतं. पाट्यांवरचा मजकूर मात्र शुद्ध युद्धप्रचार आहे, जर्मनांचा द्वेष शिकवणारा. चित्र प्रामाणिक आणि मजकूर भडक, हे दोन्ही एका पडद्यावर. दहा-बारा वर्षांच्या मुलांना माहितीपट कसा वाचायचा हे शिकवायला याहून चांगली १२ मिनिटं मिळणार नाहीत. एकदा पाट्या वाचून बघा, एकदा पाट्यांवर हात ठेवून. (दादासाहेब फाळक्यांनीही साधारण याच काळात, १९१५ साली, आगकाड्या हलवून ‘आगकाड्यांची मौज’ केली होती. ती आपल्याला बघायला मिळत नाही, याची हळहळ वाटते.)

आता जपान. १६ एप्रिल १९८८ रोजी जिब्ली या अ‍ॅनिमेशन स्टुडिओचे दोन चित्रपट एकाच तिकिटात लागले: हायाओ मियाझाकीचा ‘माय नेबर टोटोरो’ आणि इसाओ ताकाहाताचा ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’. दोन्हींत दोन भावंडं, दोन्हींत चार वर्षांची धाकटी बहीण, दोन्हींत आई जवळ नाही. एक घरातल्या सगळ्यांत लहान पोरालाही मांडीवर घेऊन बघता येतो. दुसरा मुलांना चुकूनही लावू नये. वेष्टणावरचा स्टुडिओ एक, चित्रांची धाटणी एक, म्हणून फसगत होते. आधी टोटोरो बघितलेल्या मुलांना ‘त्यांचाच आणखी एक’ म्हणून फायरफ्लाइज लावला जातो आणि पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत जळालेल्या, पट्ट्यांत गुंडाळलेल्या आईचं दृश्य येतं. १३ वर्षांच्या आत नको. आणि १३ वर्षांच्या मुलालाही एकट्याने नको.

फायरफ्लाइज इतिहासाच्या विद्यार्थ्याने बघावा असा आहे. ५ जून १९४५चा कोबे शहरावरचा हवाई हल्ला. आगलावे बॉम्ब कसे पडत होते हे बघा. मोठा स्फोट नाही. सहा कोनी सडपातळ नळ्या, मागे जळती शेपटी, खडखडत छपरांवर आणि गटारांत पडतात, क्षणभर नुसत्या पडून राहतात आणि मग चिकट आग पसरते. लाकडी-कागदी घरांची वस्ती अशाच बॉम्बने जाळली गेली. या कथेचा मूळ लेखक अकियुकी नोसाका त्या हल्ल्यातून वाचलेला होता आणि त्याची लहान बहीण पुढे उपासमारीने गेली. ताकाहाता स्वतः नऊ वर्षांचा असताना ओकायामावरच्या हल्ल्यातून वाचला होता. म्हणजे या चित्रपटाच्या दोन्ही टोकांना साक्षीदार आहेत. रेघ काढलेली आहे, पण बॉम्ब कसा पडतो हे डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

त्या रेघेकडेही बघा. अ‍ॅनिमेशनमध्ये माणसांची बाह्यरेषा सहसा काळी असते. इथे ती बरीचशी तपकिरी आहे. काळ्या रेघेने आकृती पार्श्वभूमीपासून सुटी होते, कार्टून दिसते. तपकिरी रेघेने ती धुळीत, मातीत, विटलेल्या कापडात मुरते. धाकट्या बहिणीच्या, सेत्सुकोच्या गालाची कड भिंतीत मिसळते आणि ती पोर त्या जागेची होऊन जाते.

आणि तो गोळ्यांचा डबा. साकुमा कंपनीच्या फळांच्या गोळ्यांचा पत्र्याचा डबा, जपानमधल्या प्रत्येक घराला ओळखीचा. आधी तो गोळ्यांनी भरलेला. दमट हवेत गोळ्या एकमेकींना चिकटतात, तिचा मोठा भाऊ सेइता बुडाला थापट्या मारून एक सुटी करतो. मग गोळ्या संपतात, तो डब्यात पाणी घालून घुसळतो आणि सेत्सुको ते पिऊन एकेक चव ओळखत जाते. पुढे गोळी समजून ती काचेची चकती चोखते. शेवटी तिच्या अस्थी त्याच डब्यात. हे प्रेक्षकाला पहिल्या काही मिनिटांतच माहीत होतं, कारण चित्रपट सेइताच्या मरणाने सुरू होतो, २१ सप्टेंबर १९४५च्या रात्री, सान्नोमिया स्टेशनात. सफाई करणारा माणूस तो डबा गवतात भिरकावतो, झाकण उडतं, हाडांचे तुकडे बाहेर पडतात आणि काजवे उठतात. एका वस्तूतून युद्धातली उपासमार इतकी नेमकी सांगणारा दुसरा चित्रपट, खरा किंवा काढलेला, मला माहीत नाही.

याला युद्धविरोधी चित्रपट म्हणून लेबल लावतात. ताकाहाताने ते वारंवार नाकारलं. दुसऱ्यांदा बघताना त्याचं म्हणणं पटतं. आईने बँकेत ७,००० येन ठेवलेत, हे सेइताला माहीत आहे. मावशीचं घर आहे, तिथे टोमणे आहेत पण भातही आहे. तो मान खाली घालायला तयार नाही, बहिणीला घेऊन टेकडीत खणलेल्या, हवाई हल्ल्यापासून बचावासाठीच्या ओसाड निवाऱ्यात राहायला जातो. मावशी दुष्ट वाटते ती पहिल्या वेळी. मोठ्या वयात बघितलं की तिच्या तोंडची वाक्यं टंचाईतल्या कोणत्याही घरात ऐकू येतील अशी वाटतात. चौदा वर्षांच्या पोराचा अभिमान आणि सगळ्यांची आटलेली माया, दोन्ही मिळून सेत्सुको जाते. हे समजावून सांगायला सोबत मोठं माणूस लागतं, म्हणूनच एकट्याने नको म्हटलं.

टोटोरो ८६ मिनिटांचा. काळ १९५०च्या दशकातला, जागा तोक्योबाहेरची सायामाच्या टेकड्यांकडची भातशेती. यात खलनायक नाही, शर्यत नाही, शेवटची मारामारी नाही. पहिला अर्धा तास टोटोरो, म्हणजे रानात राहणारा तो भला मोठा प्राणी, नीट दिसतच नाही. त्यामुळे पाच-पाच मिनिटांच्या झगमगाटी कार्टूनला सरावलेलं मूल सुरुवातीला चुळबुळ करतं. तिथे चित्रपट बंद करू नये. घर झाडणं, पंपाला पाणी येणं, जुन्या खोलीत काजळाचे किडे पळणं, यात मूल दहा मिनिटांत गुंततं. बसथांब्यावरचा पावसाचा प्रसंग या चित्रपटाचं काळीज आहे. थोरल्या सात्सुकीच्या पाठीवर झोपलेली धाकटी मेई, दिव्याचा पिवळा उजेड, शेजारी येऊन उभा राहिलेला भला मोठा प्राणी, त्याला दिलेली छत्री, छत्रीवर पडलेला पहिला टपोरा थेंब आणि तो आवाज आवडून त्याने मारलेली उडी. कित्येक मिनिटं जवळजवळ संवाद नाहीत. म्हणूनच सबटायटल वाचता न येणाऱ्या मुलाला हा चित्रपट मूळ जपानीत लावूनही चालतो, शेजारी बसून मराठीत चार वाक्यं सांगत गेलं की झालं. इंग्रजी डबिंगही चांगलं आहे. फक्त जपानी आवाज आणि इंग्रजी डबिंगची सबटायटल्स अशी जोडी लागली तर मजकूर जुळत नाही, न बोललेली वाक्यं पाटीवर येतात. सबटायटल्सच्या यादीत दोन इंग्रजी पर्याय असतील तर दोन्ही लावून बघा.

आईचं आजारपण मुलांना टोचतं. मियाझाकीची आई अनेक वर्षं क्षयाने अंथरुणाला होती, आणि पडद्यावरची काळजी उसनी वाटत नाही ती त्यामुळे. इस्पितळाची तार येते तो भाग आणि मेई हरवते तो भाग, या दोन ठिकाणी चार-पाच वर्षांचं मूल घाबरू शकतं. हात धरायची तयारी ठेवावी.

आपल्याकडच्या मुलांसाठी ‘रामायण: द लेजंड ऑफ प्रिन्स राम’ हा जपानी आणि भारतीय हातांनी मिळून केलेला चित्रपट पुन्हा उपलब्ध झाला, हे फार चांगलं झालं. त्याची सुरुवातही माहितीपटातूनच झाली. पुरातत्त्वज्ञ बी. बी. लाल यांच्या उत्खननावर माहितीपट करायला युगो साको १९८३ साली भारतात आले, रामायणाच्या प्रेमात पडले आणि पुढची दहा वर्षं या कामात घालवली. सोबत कोइची सासाकी आणि आपले राम मोहन. राम मोहन म्हणजे मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात १९५६पासून घडलेले. डिस्नेत काम केलेल्या क्लेअर वीक्स यांच्या हाताखाली ती पहिली तुकडी तयार झाली होती. जपानी चित्रकारांच्या हातून धोतराचा काष्टा, मांडी घालून बसणं, नमस्काराचे जोडलेले हात बरोबर उतरणं ही सोपी गोष्ट नव्हती. पडद्यावर ते बरोबर आहे. वानरसेना सेतू बांधते तेव्हा दगडाचं वजन हाताला जाणवतं, आणि कुंभकर्ण उठतो तेव्हा जमीन खरोखर हलल्यासारखी वाटते. हे सगळं हाताने काढलेलं, सुमारे एक लाख सेल्स, म्हणजे पारदर्शक पत्र्यांवर रंगवलेली चित्रं. वनराज भाटियांचं संगीत आणि वसंत देवांची संस्कृत गीतं ऐकताना डोळे मिटले तरी चालतील.

उणिवाही सांगतो. लांबी १३५ मिनिटं, सहा-सात वर्षांच्या मुलाला एका बैठकीत झेपत नाही. सीताहरणानंतर थांबा, उरलेलं दुसऱ्या दिवशी. विश्वामित्र येतात तिथून कथा धावते. कैकेयीचा हट्ट आणि दशरथाची घालमेल इतक्या भरभर उरकते की आजीकडून गोष्ट ऐकलेल्या मुलालाच ती कळते. चेहऱ्यांवर जपानी मोठ्या डोळ्यांची छाप आहे, ती दहा मिनिटांत अंगवळणी पडते. ताटका आणि कुंभकर्ण लहान मुलांना भीतिदायक वाटतील. उत्तरकांड नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, हिंदी घेताना आवाज तपासून घ्या. जुन्या हिंदी आवृत्तीत रामाला अरुण गोविल, रावणाला अमरीश पुरी आणि निवेदन शत्रुघ्न सिन्हा. २४ जानेवारी २०२५ रोजी चित्रपटगृहांत आलेल्या ४के आवृत्तीला नवं डबिंग आहे. चित्र नव्याचं उजवं, रावण जुन्याचा. ज्यांना चित्रकला बघायची आहे त्यांनी नवी घ्यावी, ज्यांना अमरीश पुरींचा आवाज हवा त्यांनी जुनी शोधावी.

‘द वर्ल्ड अ‍ॅट वॉर’वर थोडक्यात, कारण ती चांगली आहे हे सगळ्यांना माहीत आहे. थेम्स टेलिव्हिजनची २६ भागांची मालिका, १९७३-७४, निर्माता जेरेमी आयझॅक्स, निवेदन लॉरेन्स ऑलिव्हिए. दुसऱ्या महायुद्धातले मोठे निर्णय घेणारे आणि ते भोगणारे, दोघेही तेव्हा हयात होते आणि कॅमेऱ्यासमोर बसले. हिटलरचा मंत्री आल्बर्ट श्पेअर बोलतो, हिटलरची सेक्रेटरी ट्राउडल युंगे बोलते. आज असं काही शक्य नाही. १४वा भाग ब्रह्मदेशच्या आघाडीवरचा, आपल्या माणसांसाठी तो आधी लावावा. अडचण एकच. २०१०च्या पुनरुज्जीवित आवृत्तीत चित्र आजच्या रुंद टीव्हीला बसवायला वरून-खालून कापलंय. मुलाखतीत कपाळ जातं, जुन्या फिल्ममध्ये जमीन जाते. जुनी, जवळजवळ चौकोनी चित्राची डीव्हीडी मिळाली तर तीच घ्या. चित्र थोडं मऊ असेल, पण पूर्ण असेल.

घरातल्या टीव्हीने यातलं बरंच काही बिघडतं, आणि उपाय फुकट आहे. नव्या टीव्हीत चाल गुळगुळीत करणारी सोय आधीपासून चालू असते. सोनीत तिचं नाव मोशनफ्लो, एलजीत ट्रूमोशन, सॅमसंगमध्ये ऑटो मोशन प्लस. हाताने काढलेल्या अ‍ॅनिमेशनमध्ये एक चित्र सहसा दोन किंवा तीन फ्रेम धरून ठेवतात, म्हणजे सेकंदाला १२ किंवा ८ चित्रं. तो धरलेला क्षण चित्रकाराने ठरवलेला असतो. टीव्ही तिथे स्वतःची मधली चित्रं घुसडतो. टोटोरोच्या मिशांभोवती भुरकट वलय येतं, वानरांची उडी लोण्यातून जाते. जॅक्सनच्या माहितीपटात तर संगणकाने घातलेल्या चित्रांवर टीव्ही आणखी चित्रं घालतो आणि चेहरे पूर्णच मेणाचे होतात. सेटिंग्जमध्ये पिक्चर, मग मोशन किंवा क्लॅरिटी, आणि तिथे ‘ऑफ’. ‘फिल्ममेकर मोड’ असेल तर तो लावला की बहुतेक काम एका बटणात होतं. चित्राचा आकार ‘झूम’ किंवा ‘वाइड’वर असेल तर ‘ओरिजिनल’वर आणा. बाजूला काळ्या पट्ट्या आल्या तर त्या राहू द्या.

आणखी एक सोय बंद करायची राहिली, पुढचा चित्रपट आपोआप सुरू करणारी. टोटोरोची गोष्ट संपते तेव्हा आई अजून इस्पितळातच असते. ती घरी येते ती शेवटच्या नामावलीत, नावांच्या मागून सरकणाऱ्या चित्रांत. मोटारीतून उतरते, मुलींना जवळ घेते, त्यांच्यासोबत अंघोळीला बसते. ऐंशी मिनिटं आईची काळजी केलेल्या मुलाला ती चित्रं बघू द्या.